हसायची जागा

"पुष्पा, पोरीचे केस असली आहेत ना?" विमलाबाईंनी आरशातूनच विचारलं आणि पुष्पलताच्या हातातला रंगाचा ब्रश त्यांच्या भांगाच्या कडेला जिथं होता तिथंच थांबला. विचारलं अगदी सहज, पालक आजचा की कालचा असं विचारावं तसं. कोणत्या पोरीचे, हे पुष्पलताला कळलं होतं. तरीही तिनं विचारलं, कारण काहीतरी बोलून वेळ काढायला हवा होता. "अवं, मंजूच्या पोरीचे. श्रुतिकाचे. आमच्या पोरासाठी, अश्विनसाठी पाहून राह्यलो ना आम्ही. रविवारी येनार आहोत राजेगाववरून. ती तुह्याकडंच येते म्हने. तुले माहीत असनारच." बरोबर होतं. तिला माहीतच असणार. बालाघाटात लग्नाची चौकशी पूर्वी शेजारणीकडे व्हायची, किराणा दुकानात व्हायची, मुलगी शिकते त्या कॉलेजच्या बाईंकडे व्हायची. आता ती हनुमान चौकामागच्या या गल्लीत, पुष्पलताच्या पार्लरमध्येही यायला लागली होती. पार्लरवालीनं मुलीचा चेहरा धुतलेला असतो, मान पाहिलेली असते, डोक्याची कातडी बोटांनी चाचपलेली असते. मग तिच्याइतकी भरवशाची साक्ष कोण देणार? रंग लावून घेता घेता विचारून घ्यायचं. एका कामात दोन कामं.

आणि विचारणाऱ्या बाईचं स्वतःचं गंगावन आरशासमोरच्या फळीवर पडलेलं होतं. कंगवा आणि पाणी फवारायची बाटली यांच्या मधोमध, वरच्या टोकाला काळ्या दोऱ्यानं बांधलेलं, सैल, जरा तांबूस पडलेलं. आल्या आल्या विमलाबाईंनी दाराला आतून कडी लावायला लावली होती, पडदा ओढायला लावला होता, मग खिडकीचाही ओढायला लावला होता, आणि नंतरच अंबाड्याचे आकडे काढले होते. "दिसू नको देऊ कोनाले," असं म्हणून ते केसांचं भेंडोळं त्यांनी पुष्पलताच्या हातात दिलं होतं. पुष्पलतानं ते नीट घेतलं, झटकलं, ठेवलं. ती सगळ्यांचंच ठेवते. या खुर्चीवर बसणाऱ्या बाईच्या डोक्यावरचं या खोलीबाहेर जात नाही, हा तिचा नियम तिनं कधी पाटीवर लिहून लावला नव्हता, पण गावातल्या बायकांना तो ठाऊक होता. म्हणून तर त्या यायच्या. भांग रुंद झालेल्या, बाळंतपणानंतर केस मुठीनं गेलेल्या, घट्ट अंबाडा घालून घालून कानशिलं उघडी पडलेल्या. विमलाबाईंची कानशिलं तशीच होती. उभा जन्म केस मागे ताणून बांधले की पुढचे केस कंटाळून निघून जातात, हे पुष्पलता प्रत्येकीला सांगते आणि प्रत्येक बाई मान डोलावून घरी जाऊन पुन्हा घट्ट बांधते.

आता हीच बाई विचारत होती, पोरीचे असली आहेत ना. तिला आपल्या तोंडातून काय निघालं ते ऐकूही आलं नव्हतं. तिची नजर फळीवर होती, स्वतःच्या गंगावनावर होती, आणि तरी तिला काहीही जाणवत नव्हतं. पुष्पलताला राग आला. तिनं ब्रश पुन्हा वाटीत बुडवला. "असतील की," ती म्हणाली. विमलाबाई आरशात हसल्या. "असतील की म्हंजे? तू पाह्यले असशील. आमच्या तिथं कोनी म्हनत होतं, मागं काही झालं होतं तिच्या डोक्यात. जागा पडली होती म्हने." पुष्पलतानं केसांची एक बट उचलली, मुळाशी रंग लावला, ती आडवी टाकली, दुसरी उचलली. हात आपले चालत होते. हातांना राग येत नाही, हे एक बरं असतं.

झालं होतं. दोन वर्षांपूर्वी श्रुतिका या खुर्चीवर येऊन बसली तेव्हा तिनं ओढणी डोक्यावरून उतरवायलाच नकार दिला होता. पुष्पलतानं घाई केली नाही. तिनं इतर कामं केली, दुसरीच्या भुवया कोरल्या, फरशी पुसली, आणि पोरगी तशीच ओढणीत बसून राहिली. शेवटी सगळ्या गेल्यावर तिनं ती हळूच मागे सारली. डाव्या कानाच्या वर चाई पडलेली होती, गोल, गुळगुळीत, रुपयाएवढी, आणि तिच्या वर दुसरी होऊ घातलेली. त्याच्या भोवतीची कातडी लाल होऊन सोललेली होती. ती चाईनं नव्हे, लसणानं. मंजूनं कोणाच्या सांगण्यावरून कच्चा लसूण घासला होता, मग कांद्याचा रस, मग कसलंसं जंगलातलं मूळ, बिरसा गावाहून आणलेलं. पोरगी ओरडायची तर मंजू म्हणायची, थोडं सहन कर, नाहीतर कोन करेल तुह्याशी लग्न. श्रुतिकानं हे सांगितलं तेव्हा तिचा आवाज अगदी सपाट होता. पुष्पलतानं तिला काही विकलं नाही. तिच्या कपाटात बाटल्या होत्या, कंपन्यांचे पोरगे येऊन ठेवून जायचे, पण तिनं कपाटाकडे पाहिलंही नाही. तिनं आधी कातडीवर थंड पाण्याची पट्टी ठेवली. मग म्हणाली, "गोंदियाले चमडीचा डॉक्टर आहे, त्याच्याकडं जाय. बाकी घरातल्या कोनालेच डोक्याले हात लावू नको देऊ. आईलेही नाही." केस बांधायचे नाहीत, सैल सोडायचे. ओले असताना टॉवेलनं घासायचे नाहीत, जुन्या सुती ओढणीत दाबून घ्यायचे. केस सरळ करायचा तो इस्त्रीसारखा गरम चिमटा घरातून हद्दपार. ताटात डाळ, भाजी, अंडं चालत असेल तर अंडं. "वरून जे लावतेस ते मेलेल्या केसाले लावतेस," तिनं सांगितलं होतं. "जिता असतो तो आतमंदी असतो. त्याले खाऊ घाल, झोपू दे, आन् भेव नको दाखवू."

सगळ्यात अवघड होतं ते आरशाचं. श्रुतिका यायची ती खुर्ची फिरवून बसायची, आरशाकडे पाठ करून, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड करून. पुष्पलतानं तिला वळवली नाही. तिला अनुभवानं माहीत होतं की 'स्वतःवर प्रेम कर' वगैरे जे मोबाइलमध्ये चोवीस तास सांगतात त्यानं कोणाचीही मान वर होत नाही. मान वर होते ती कोणीतरी घाण न मानता डोक्याला हात लावल्यावर. ती फक्त दर वेळी चाईवरून बोट फिरवायची आणि जे दिसेल ते खरं सांगायची. आज काही नाही. आजही काही नाही. मग एकदा म्हणाली, "पांढरी लव आली." श्रुतिकानं पायानं फरशीला रेटा देऊन खुर्ची स्वतःच फिरवली. आरशात पाहिलं. आपल्या डोक्यातली ती जागा, नवजात पिलाच्या अंगावर असावी तशी लव आलेली, पाहिली. नंतर ती केव्हापासून ओढणीशिवायच यायला लागली, हे कोणाच्या लक्षातही आलं नाही. आता त्या जागी काळे केस होते. चांगले होते, दाट होते, फक्त आखूड होते, कानाच्या पाळीपर्यंत येतील एवढे. बाकीचे पाठीवर आणि तेवढे आखूड. ज्याला पाहायचंच आहे त्याला दिसले असते.

आज सकाळी मंजूचा फोन आला होता. "पुष्पाताई, रविवारी पाहुने येऊन राह्यले. थोडं गंगावन गुंफून देजो वेनीत. तिथं आखूड आहेत ना ते, ते मंग त्याच्यातच दबून जाते. एका घंट्याची गोष्ट आहे. बस, तेवढं निभून गेलं पाह्यजे." फोन स्पीकरवर होता, मागे कुठंतरी कपबशांचा आवाज येत होता आणि श्रुतिका बोलत नव्हती. पुष्पलतानं काय उत्तर दिलं होतं? "पाहू." पाहू! त्या शब्दाचा तिला आत्ता, रंगाची वाटी हातात धरून, इतका संताप आला की वाटी विमलाबाईंच्या कपाळाला टेकली. काय पाहू? इतक्या वर्षांत तिनं काय कमी पाहिलं होतं? एकदा गंगावन तिच्याच वेणीतून निघालं होतं, दुसऱ्या कोणाच्या नव्हे.

तिरोडीला, खाणीच्या क्वार्टरमध्ये, बाहेरच्या खोलीत. वडील मँगनीजच्या खाणीत होते आणि त्या घरात सगळ्यावरच एक काळसर धूळ असायची, भांड्यांवर, चादरींवर, केसांत. पुष्पलताचे केस लहानपणापासून पातळ. त्यात काही पाप नव्हतं, पण आईला ते आपलंच पाप वाटायचं. तिनं जत्रेतून गंगावन आणलं, आदल्या दिवशी रिठ्यानं धुतलं, दोरीवर वाळत घातलं आणि कोणी विचारलं तर माह्या बहिणीचं आहे असं सांगितलं. पाहायला आलेल्या बायकांनी चिवडा खाल्ला, हात धुतले. मग मुलाची, गजेंद्रची आई उठून तिच्या मागे आली. "पोरीचे केस छान आहेत," असं म्हणून तिनं वेणी हातात घेतली. हात ओला होता. ओला आणि थंड, आणि त्याला कच्च्या कांद्याचा वास होता. पुष्पलताला आजही, कोणी ओल्या हातानं मानेला स्पर्श केला की तो वास येतो. त्या हातानं वेणी खाली ओढली. फार जोरात नाही, चाचपून पाहायला. आणि ती निघाली. अर्धी वेणी त्या बाईच्या हातात आणि अर्धी पुष्पलताच्या पाठीवर. मग गजेंद्र हसला. नवरा मुलगाच हसला. मग सगळेच हसले.

लग्न मोडलं असतं तर ती निदान कोणावर तरी उघड चिडू शकली असती. पण लग्न मोडलं नाही. गजेंद्र म्हणाला, मला हीच पसंत आहे. मोठ्या मनाचा माणूस, असं सगळे म्हणाले. आणि त्या मोठ्या मनानं ती गोष्ट घरात आणली आणि सांभाळली. हळदीला सांगितली. बारशाला सांगितली. दिवाळीला, मेव्हण्याला, ऑफिसच्या साहेबाला, नदीकाठी भात-भाजीच्या पंगतीला. तो चांगलं सांगतो, हे पुष्पलतालाही कबूल होतं. आईचा आवाज काढायचा, हात वर धरायचा, थांबायचा, आणि मग म्हणायचा, "आईच्या हातात शेपूट!" इथं सगळे हसायचे. पण त्याच्याही आधी, एक क्षण आधी, पुष्पलतानं हसायचं असायचं. पदर तोंडाला लावून, मान खाली घालून, पुरे ना आता, असं म्हणत. ती तिची जागा होती. ती हसली की बाकीच्यांना हसायची मुभा मिळायची. ज्या बाईवर गोष्ट आहे तीच हसते, मग वाईट कसलं? गजेंद्र म्हणतो, मी त्या दिवशी हसलो म्हणून तर तुला पसंत केली. त्याला ही प्रेमाची गोष्ट वाटते. एकदा तिची आई आली होती तेव्हाही त्यानं सांगितली, आणि आईही हसली, सगळ्यांसोबत, दात दिसतील इतकी. नंतर मागच्या अंगणात पुष्पलता केस विंचरत बसली होती तर आई तिच्या मागे येऊन उभी राहिली. तिनं हात पुढे केला आणि मागे घेतला. त्यानंतर मरेपर्यंत आईनं तिच्या डोक्याला हात लावला नाही.

पुष्पलतानं केस कापले ते आईनं हात मागे घेतला त्याच वर्षी. मानेपर्यंत. लोक म्हणाले, पार्लरचा कोर्स करून आली, फॅशन शिकली. म्हणोत. पातळ केस आखूडच बरे दिसतात, हे खरं आहे, आणि ती ते गिऱ्हाइकांनाही सांगते. पण कात्री पहिल्यांदा तिनं स्वतःच्या हातानं चालवली होती ती दिसण्यासाठी नव्हे. पुन्हा कोणाच्या हातात धरायला काही उरू नये म्हणून.

"बोल ना," विमलाबाई म्हणाल्या. "चूप काहून बसली?" आणि मग, पुष्पलता आणखी एक बट उचलेपर्यंत, स्वतःच निकाल दिला: "म्हंजे आहे काहीतरी." आता खरी मेख तिच्या ध्यानात आली. इथं गप्प राहणंही चालत नव्हतं. गप्प बसली तर, आहे काहीतरी. खरं सांगितलं तर ते आज संध्याकाळच्या बसनं राजेगावला जाणार आणि पोरीच्या आधी तिच्या सासरी पोचणार. आणि नुसतं हौ म्हटलं, सगळं चांगलं आहे म्हटलं, तर? तर ती स्वतः त्या ओल्या हाताची झाली. पास करणारी. आज श्रुतिकाला पास केली, उद्या दुसरीला नापास करायची वेळ येईल. तिन्हीकडून दार बंद. ज्या कोणी ही पद्धत काढली त्यांनी ती अशी काढली होती की बाईनं बाईच्या डोक्याबद्दल काहीही केलं तरी मुलगीच अडकली पाहिजे. आणि रविवारी मंजू वेणीत गंगावन गुंफणार, आणि ही विमलाबाई चिवडा खाऊन उठणार. पुष्पलताला ते इतकं स्पष्ट दिसलं की तिच्या मानेला गार लागलं.

"तू गजेंद्रची ना वं?" विमलाबाई एकदम म्हणाल्या. त्यांनी मान फिरवून तिच्याकडे नीट पाहिलं, आरशातून नव्हे, सरळ. "हौ! बायकोचं बालाघाटले पार्लर आहे म्हनत होता तो. गंगावनवाली! तुह्या घरच्यानं आमच्या तिथं एका बारशाले सांगितलं होतं. आई वं, हसून हसून आमचं पोट दुखलं होतं! आईच्या हातात शेपूट!" आणि त्या हसायला लागल्या. खुर्ची हलत होती. कपाळावरून रंगाचा एक काळा ओघळ भुवईपर्यंत आला. त्यांच्या समोर, हातभर अंतरावर, त्यांचंच गंगावन पडलेलं होतं आणि त्या हसत होत्या. हसता हसता त्यांनी आरशात पुष्पलताकडे पाहिलं, आता तिनं हसावं म्हणून वाट पाहिली. आणि पुष्पलताचं तोंड सवयीनं उघडलं. ओठ ताणले गेले. ते तिला आरशात दिसलं. स्वतःचं ते तोंड दिसलं, लाचार, दात काढू पाहणारं, आणि तिनं ते बंद केलं. राजेगावपर्यंत. एका घरातल्या बाहेरच्या खोलीत जे झालं ते वैनगंगा ओलांडून राजेगावपर्यंत गेलं होतं, तिथल्या बायकांनी ते आपसात सांगितलं असेल, त्यांच्या लेकींना, सुनांना. तिचं नाव कोणाला माहीत नव्हतं. शेपूट माहीत होतं. तिनं कपाळावरचा ओघळ पुसला. जरुरीपेक्षा जरा जोरात पुसला.

"चला, धुवून घेऊ," ती म्हणाली.

विमलाबाई बेसिनमध्ये मान मागे टाकून डोळे मिटून पडल्या. पाण्यानं रंग उतरला आणि खालून डोकं दिसायला लागलं. केवढंसं डोकं होतं ते! ओले केस कातडीला चिकटले होते, भांगाची पांढरी पट्टी दोन बोटं रुंद, कानशिलं उघडी. गळा ताणलेला, त्यावर शीर उडत होती. एवढं डोकं पुष्पलताच्या एका हातात मावत होतं. मनात येईल ते करता आलं असतं. पडदा बाजूला करता आला असता. कडी काढून शेजारच्या शिलाईवालीला हाक मारता आली असती, ये ग, बघ. ते गंगावन उचलून गल्लीत धरता आलं असतं. हा विचार करताना तिला बरं वाटलं, खरोखरच बरं वाटलं, आणि त्याची तिला लाजही वाटली नाही. "माह्या सासूनं तर आंबाडा सोडून, अंगनात उभी करून पाह्यले होते," विमलाबाई डोळे मिटूनच म्हणाल्या. पाण्याच्या उबेनं त्यांचा आवाज सैल झाला होता. "तवा होते मले. इथंवर होते. कमरेपर्यंत." पुष्पलताची बोटं थांबली. "मंग? तवा कसं वाटलं तुम्हाले?" पाणी वाहत होतं. "वाटाचं काय त्याच्यात," त्या म्हणाल्या. "पाहाचंच असते." दया येण्याजोगं होतं, आणि पुष्पलताला ती येऊ लागलीही होती, पण तिनं ती परतवून लावली. या बायकांना दया दाखवत दाखवतच हे इथवर आलं होतं. आपल्याला उभं केलं म्हणून दुसरीला उभं करायचं, आणि म्हणायचं पाहायचंच असते.

तिनं केस टिपले, दाबून, न घासता. सुकवले, तेही गार हवेवर. काम तिनं वाईट केलं नाही, ते तिला जमलंच नसतं. मग फळीवरचं गंगावन उचललं, त्याला तेलाचं एक बोट लावलं, विंचरलं, विमलाबाईंच्या उरल्यासुरल्या केसांत दोरा गुंफला आणि अंबाडा वळायला घेतला. घट्ट नको, सैल, कानशिलांना ताण बसणार नाही असा. आकडे लावले. शेवटचा आकडा लावून झाल्यावर तिनं हात काढला नाही. अंबाडा मुठीत तसाच धरून ठेवला आणि आरशात पाहिलं.

"काकू, एक सांगतो," ती म्हणाली. आवाज इतका शांत निघाला की तिलाच नवल वाटलं. "रविवारी जा. पोरगी पाहा. बोला तिच्याशी, काय शिकली इचारा, काय आवडते इचारा. डोये दिले आहेत देवानं पाहाले. पन हात लावाचा नाही. तिच्या डोक्याले कोन्याही बाईचा हात गेला, तर मी तिथंच राहीन. अन् माहा हात तुमच्या आंबाड्याले जाईन. सगळ्यांसमोर. चार मानसांत."

आरशात विमलाबाईंचा चेहरा उतरला. त्यांचा हात आपोआप मागे गेला, अंबाड्याकडे, आणि तिथं पुष्पलताच्या मुठीला लागून थांबला. बाहेरून एक ट्रक गेला आणि फळीवरच्या बाटल्या किणकिणल्या.

"धमकी देऊन राह्यली का तू मले?"

"हौ," पुष्पलता म्हणाली.

तिनं मूठ सोडली. या खुर्चीवरचं बाहेर जाणार नाही, हा एकच नियम तिच्याजवळ होता आणि तो तिनं आत्ता स्वतःच्या तोंडानं मोडायला काढला होता. विमलाबाई उद्या हे चार जणींना सांगणार नाहीत, कारण सांगता येणार नाही. पण त्या पुन्हा इथं येणारही नाहीत. आणि वेळ आली तर आपण खरंच तसं करू का? करू, असं तिला वाटलं, आणि ते वाटणं चांगलं नव्हतं, पण खोटंही नव्हतं. विमलाबाई उठल्या. पदर खांद्यावरून घेतला. दारापर्यंत गेल्या, कडीवर हात ठेवून घुटमळल्या. "अश्विनच म्हनते, हीच पाह्यजे. नाहीतर आम्ही कायले..." असं काहीतरी पुटपुटल्या. मग कडी काढायच्या आधी, मागे न वळता, त्यांनी विचारलं, "नीट बसलं ना?" त्यात आता दरारा नव्हता, नुसती काळजी होती. "बसलं," पुष्पलता म्हणाली. "ओढलं तरी निघनार नाही."

त्या गेल्यावर तिनं दोन्ही पडदे उघडले, खिडकीही उघडली. मग श्रुतिकाला फोन लावला. "रविवारी गंगावन लावनार नाही मी. मम्मीले सांग. केस मोकळे ठेवू, नाहीतर सैल वेनी. आखूड आहेत ते आखूड दिसतीन." मग श्रुतिका हिंदीत म्हणाली, घाबरली की ती हिंदीतच बोलते, "मम्मी चिल्लाएगी, दीदी." "चिल्लाऊ दे. तुले काय पाह्यजे ते सांग." "मुझे तो पहले से नहीं लगाना था. अश्विन को मैंने सब बताया है. फोटो भी दिखाया था, जब वो जगह थी तब का." पुष्पलता खुर्चीच्या हातावर बसली. "मंग सकाळी काहून नाही बोलली? तिथंच होती ना तू?" "आपने 'पाहू' बोला ना दीदी," श्रुतिका म्हणाली. तक्रार नव्हती, नुसतं सांगणं होतं. "मले वाटलं, तुम्ही पण तसंच म्हनता."

फोन ठेवल्यावर ती बराच वेळ केर काढत राहिली. फरशीवर केस फारसे नव्हतेच. तरी काढत राहिली. राग उतरत नव्हता. आता तो विमलाबाईंवरही उरला नव्हता आणि मंजूवरही नव्हता. तो त्या एका शब्दावर होता, आणि त्याच्या मागे तसल्याच शब्दांची जी रांग होती, पुरे ना आता, काय हो तुम्ही, असू द्या, त्या सगळ्या रांगेवर होता. पोरीनं स्वतः खुर्ची फिरवली होती, स्वतः जाऊन सांगितलं होतं, आणि हे आपण तिला शिकवलं असं जिला वाटत होतं ती बाई वर्षानुवर्षं ठरलेल्या जागी हसत आली होती.

घरी आली तर बाहेर चपला होत्या. गजेंद्रचा मित्र खेमराज, त्याची बायको ललिता, आणि त्यांची नवीन सून पौर्णिमा, पहिल्यांदाच त्यांच्या घरी आलेली. पौर्णिमा सोफ्याच्या कडेला बसली होती, डोक्यावरून पदर, हातात अजून न प्यायलेला चहा. पुष्पलतानं हात धुतले, खारे शंकरपाळे आणून ठेवले, बसली. बोलणं भाताच्या मळणीवरून निघालं, लग्नांवर आलं, कोणाचं कुठं जमलं त्यावर आलं, आणि गजेंद्र खुर्चीत पुढे सरकला. त्याचं पुढे सरकणं तिला पाठ होतं. "आमच्या वेळची गंमत सांगू का सुनबाईले?" तो म्हणाला. खेमराज आधीच हसायला लागला. ललितानंही ओठ दाबले. त्यांनी ती किती वेळा ऐकली होती. गजेंद्रनं तिरोडीचं क्वार्टर सांगितलं, चिवडा सांगितला, आईचा आवाज काढला. चांगला काढला. हात वर धरला. थांबला.

पौर्णिमानं पुष्पलताकडे पाहिलं. नवीन सून होती, हसायचं की नाही हे तिला समजत नव्हतं, आणि ज्या बाईवर गोष्ट आहे तिच्याकडून ते कळेल म्हणून ती बघत होती. पुष्पलतानं हात मांडीवर ठेवले होते. पदर खांद्यावरच होता.

"आईच्या हातात शेपूट!" गजेंद्र म्हणाला.

खेमराज हसला, आणि एकटाच हसतोय हे लक्षात येऊन अर्ध्यात थांबला. गजेंद्रचा हात अजून वरच होता. "अवं, हास ना," तो म्हणाला, जरा गोंधळून. "इथंच तर हासतेस तू."

"तुमच्या आईचा हात ओला होता," पुष्पलता म्हणाली. "थंडा होता. मले आजही मानेवर लागते." गजेंद्रनं हात खाली घेतला. त्याच्या गोष्टीत यापुढचं काही नव्हतं. ललिता खिडकीकडे पाहायला लागली. पौर्णिमानं चहाचा कप बशीत ठेवला, अगदी आवाज न होऊ देता, आणि ती हसली नाही.